मूल न्यायला येणाऱ्यांची वही

मित्रांनो, माझा पुठ्ठा फाटलाय, कोपरे दुमडलेत आणि मधल्या पानावर दुधाचा डाग आहे. मी एका पाळणाघराची जुनी वही. संध्याकाळी मूल न्यायला जो येईल त्याने आपलं नाव आणि मुलाशी नातं स्वतःच्या हाताने माझ्यात लिहून सही करायची, हा तिथल्या बाईंचा नियम. रोजची माणसं कुरकुरायची. एक आजोबा तर म्हणायचे, बँकेतसुद्धा एवढी तपासणी नसते. बाई हसून पेन पुढे करायच्या, आणि मी नवीकोरी असल्यामुळे उगाच भाव खायचे.

त्या मुलांत एक भिंगरी होती. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिची आई दवाखान्यात परिचारिका. तिची ड्यूटी उशिरा सुटायची, म्हणून न्यायला बाबा यायचे. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. आईबाबा एकत्र राहत, पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि भिंगरीच्या जन्माच्या नोंदीत वडिलांचा रकाना रिकामाच राहिला होता.

पहिल्या दिवशी नात्याच्या जागी त्यांनी लिहिलं, 'ओळखीचे'. लग्नाशिवाय 'वडील' लिहिता येत नाही, अशी त्यांची भाबडी समजूत. आठवडाभर तसंच चाललं. मग बाईंचं लक्ष गेलं.

"ओळखीच्या माणसाकडे मी मूल देत नाही. खरं काय ते लिहा."

"लिहिलं तर चालेल का हो?"

"पोर तुमच्या खांद्यावर झोपलंय. आणखी कुणाला विचारायचंय?"

त्यांनी 'वडील' इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर वळ उमटला. पुढे दोन वर्षं ते रोज तेच लिहीत राहिले.

एका दुपारी कामावर असताना लिफ्टचा अपघात झाला आणि ते गेले. त्या संध्याकाळी माझ्यात आईने सही केली.

बाबांच्या कंपनीकडून कामावर दगावलेल्याच्या मुलांना मोठं होईपर्यंत पेन्शन मिळत असे. लग्न नसल्याने आईला काही मिळणार नव्हतं, आणि तिने मागितलंही नाही. पण कागदावर भिंगरीलाही वडील नव्हते. कंपनीतला कारकून भला होता. तो म्हणाला, आधी न्यायालयातून नातं सिद्ध करून आणा. मी तेव्हा कपाटात धूळ खात पडले होते, रद्दीवाल्याची वाट बघत. बाईंना माझी आठवण झाली आणि मी थेट न्यायाधीशबाईंच्या टेबलावर पोहोचले.

कंपनीच्या वकिलांनी नेमकं पहिलं पान उघडलं. "इथे तर हे स्वतःला ओळखीचे म्हणवतात." आईचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते शब्द माझ्याच अंगावर होते. पाळणाघराच्या बाई उठल्या, तो सगळा प्रसंग सांगितला आणि म्हणाल्या, पुढची पानंही बघा. न्यायाधीशबाई सावकाश एकेक पान उलटत गेल्या. वडील, वडील, वडील. एका ठिकाणी त्या बराच वेळ थांबल्या. तिथे लिहिलं होतं, 'ताप आहे, उद्या आणणार नाही. रात्रभर मी जागतो. – वडील.' कंपनीच्या हजेरीपटावरच्या सह्यांशी अक्षर जुळलं.

निकाल भिंगरीच्या बाजूने लागला. जन्माच्या नोंदीत बाबांचं नाव चढलं, पेन्शनही सुरू झाली. मला परत घेताना आई बाईंना हळूच म्हणाली, "मी त्याला किती वेळा म्हटलं, नाव घालून ये. म्हणायचा, सुट्टी मिळाली की जातो."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वह्या शेवटी मुलांना सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मी खुशाल रद्दीत जाईन. तुम्ही एवढंच करा. आज घरी गेलात की मोठ्यांना विचारा, जन्माच्या नोंदीत कुणाचं नाव घालायचं राहिलंय का. राहिलं असेल, तर त्यांना उद्याच सुट्टी काढायला लावा.