मनोऱ्याचा जिना

धाकट्या नणंदेच्या उत्साहाला आवर घालणं देवाच्या बापालाही जमलं नसतं. कॅथेड्रलच्या मनोऱ्याची चार तिकिटं तिने घरूनच काढून ठेवली होती. वर कठड्यावर कोरलेले दगडी राक्षस जवळून बघायचे म्हणजे बघायचेच!

सूनबाई मात्र रांगेत मागे मागे राहत होती. दाराशी उभा असलेला रखवालदार पुन्हा पुन्हा बजावत होता, की जिना गोल आणि अरुंद आहे, चढायचा वेगळा, उतरायचा वेगळा, एकदा आत शिरलं की मागे फिरता येणार नाही. आणि तिला दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी एक मजलाही चढायचा नाही म्हणून दम भरला होता.

हे अजून नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. याआधी दोनदा त्याने आनंदाच्या भरात गावभर केलं आणि दोन्ही वेळा तिसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं. मग ज्यांचं पेढ्यांनी तोंड गोड केलं, त्या एकेकाला उलटी बातमी सांगत बसायचं. ते आता तिला झेपलं नसतं.

वर टोकदार कमानी कुठच्या कुठे गेल्या होत्या, खांबांवर रंगीत काचांचा लाल-निळा उजेड पडला होता. लोक मान दुखेपर्यंत वर बघत होते. तिला दिसत होतं ते फक्त समोरचं बुटकं दार. रांग सरकत होती.

"माझे पाय दुखतायत," ती म्हणाली.

"काय गं वहिनी! आई चढणार आणि तू नाही?"

"चल गं, मी आहे ना मागे," नवरा हसला.

सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण त्याचा तो हसरा चेहरा बघून पुन्हा मिटलं. इकडे आड, तिकडे विहीर. रखवालदाराने हात पुढे केला.

एवढ्यात सासूबाई मटकन खाली बसल्या.

"चक्कर येतेय रे मला."

"आई! राहू दे मग, कुणीच नको जायला."

"तिकिटं वाया घालवता होय? सूनबाई बसेल माझ्यापाशी. निघा तुम्ही दोघं."

भावंडं आत गेली, दार लागलं. सूनबाईने सासूबाईंना बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"तूच पी. मला काय धाड भरलीय?"

"आई, म्हणजे तुम्हाला..."

"रोज सकाळचा चहा बेसिनमध्ये ओततेस. मी आंधळी आहे का?"

"कुणाला सांगू नका," म्हणता म्हणता सूनबाईला रडू कोसळलं. "या वेळीही तसंच झालं तर?"

सासूबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मीही दोनदा सगळ्यांना सांगून बसले होते. नंतर एकेकाचं तोंड बघवेना. तिसऱ्या खेपेला पोट दिसेपर्यंत ह्यांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही."

"मग?"

बंद दारामागून नवऱ्याचा आवाज घुमत खाली आला. अजून किती राहिलंय, म्हणून तो बहिणीला विचारत होता.

"मग काय," सासूबाई म्हणाल्या, "तो बघ, धापा टाकत वर चाललाय."