चारशे सतरा नंबरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लांबीला पाच हात, रुंदीला दोन, आणि थापा मारण्यात थायलंडातल्या महाछाईच्या खाडीवर माझा हात धरणारं कुणी नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं. कारण पुढे एक गोष्ट येणार आहे, ती ऐकून सगळे विचारतात, "ही पण थापच ना?"

माझा जन्म तकियनच्या झाडात झाला. झाड एवढं उंच, की शेंड्यावरच्या पक्ष्याने घातलेलं अंडं खाली पडेपर्यंत त्यातून पिल्लू बाहेर यायचं आणि उडून परत वर जायचं. ते झाड तोडून लोकांनी होडी केली. आमच्या होडीच्या नाळेवर देवीसाठी रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असत. एकदा जाळ्यात अशी कोळंबी सापडली, की तिनेच आम्हाला तीन दिवस ओढत नेलं आणि शेवटी कंटाळून सोडून दिलं. तांडेल म्हणाला, हे कुठे बोलू नका, उगाच कोळंबीचं नाव खराब होईल.

हसून घ्या. पुढे फारसं हसायला नाही.

होडी म्हातारी झाली तशी ती फोडली. मला चार पाय ठोकले आणि कोळंबी सोलायच्या शेडमध्ये टेबल म्हणून उभं केलं. पहाटेपासून बायका माझ्याभोवती उभ्या. बर्फाच्या पाण्यात हात, पायात रबरी बूट. बहुतेक सगळ्या सीमेपलीकडून, म्यानमारमधून आलेल्या मोन जमातीच्या बायका. टोपीवर नंबर, टोपलीवर तोच नंबर. नावाने कुणी कुणाला हाक मारायचं नाही. मारणार कशी? मुकादमीण पा जम्पी हिला मोन नावं उच्चारताच येत नसत.

"चारशे सतरा, हात उचल. कोळंबी मेलीय, तू नाहीस," ती ओरडायची.

चारशे सतरा म्हणजे जलोन थॉ. बारीक, काटक, सगळ्यांत भरभर सोलणारी. ती मान खाली घालून आपल्या भाषेत म्हणायची, "हिच्यापेक्षा मेलेल्या कोळंबीचा आवाज गोड." सगळ्या बायका हसायच्या. त्या हसतात म्हणून पा जम्पीही हसायची. मला थाई आणि मोन दोन्ही भाषा येतात. लाकडाला ऐकण्यावाचून दुसरं कामच काय असतं?

एके दिवशी बर्फ फोडायचं यंत्र अडलं. ते बंद न करताच जलोन थॉला आत हात घालायला लावला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मी दहा पावलांवर होते. दुसऱ्या दिवशी तिला सांगण्यात आलं, की घरी नारळ फोडताना कोयता लागला असं म्हण, काम राहील. ती तसं म्हणाली. काम राहिलं. महिन्याभराने उरलेल्या तीन बोटांनी ती पुन्हा सगळ्यांत भरभर सोलू लागली.

मग शेडमध्ये पोलादी टेबलं आली आणि मला गटारापाशी टाकून दिलं. तिथून मला शाळेने उचललं. शाळा म्हणजे विहारामागच्या दोन खोल्या. कामगारांची मुलं सकाळी मोन शिकायची, दुपारी थाई. त्यांना चित्रकला शिकवायला शहरातून वन्निसा नावाच्या बाई येत. बाईंना तिथे 'क्रू' म्हणतात.

पहिल्या तासाला सगळ्यांनी डोंगर, सूर्य आणि कमळं काढली. क्रूंनी विचारलं, यातला डोंगर कुणी पाहिलाय? कुणीच नाही. मग रोज काय बघता? ओंग मोन नावाचा गोलमटोल मुलगा म्हणाला, "बर्फ."

क्रू म्हणाल्या, मग तेच काढा. जे रोज दिसतं आणि बरोबर वाटत नाही, ते काढा. ते कोण बदलू शकतं, याचाही विचार करा. आणि त्यानंतर त्या वर्गात कुणी रबर मागितलं नाही.

जलोन थॉची मुलगी होंसार याच वर्गात होती. तेरा वर्षांची, गालावर थनाखाच्या सालीचा पिवळा लेप, दोन्ही भाषांत सारखीच तिखट. दवाखान्यात, पोलिसांपुढे, घरमालकापुढे आईचं बोलणं थाईत आणि त्यांचं बोलणं मोनमध्ये सांगायचं काम तिचंच. बोटं कशी गेली हे तिला ठाऊक होतं. पण दवाखान्यात नारळाची गोष्ट तिनेच थाईत सांगितली होती.

क्रूंनी मला आडवं ठेवलं आणि मुलांच्या हाती छिन्न्या दिल्या. माझ्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कापड पसरून छाप काढायचा. नियम पक्का होता. नावं कोरायची नाहीत, चेहरे काढायचे नाहीत, कुणाला त्रास होता कामा नये.

"मग आकडा चालेल का, क्रू?" होंसारने विचारलं.

क्रू म्हणाल्या, "आकडा चालेल. आकड्यावरून कोण ओळखणार?"

मित्रांनो, मी ओरडायला हवं होतं. त्या शहरच्या बाईंना वाटलं, आकड्यामागे माणूस लपतं. मुलांना वाटलं, नाव नाही ना, मग झालं. शेडमध्ये सगळी उलटी गत होती. तिथे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि नंबर चौकीदाराच्या कुत्र्यालाही पाठ होता. ही थाप धरा हवं तर, पण फक्त कुत्र्यापुरती.

मुलांनी माझ्यावर सोलणारे हात कोरले. तेवीस हात. मधोमध तीन बोटांचा एक, आणि त्याच्या बाहीवर चारशे सतरा. छिन्नी दुखते का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर मासळी मरत नव्हती, काही नवं घडत होतं. मग काळी शाई लावली, पांढरं कापड पसरलं आणि मुलं अनवाणी माझ्यावर नाचली. ओंग मोन चढला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हा एकटाच पुरे, बाकीचे उतरा रे." कापड उचललं, तर त्यावर तेवीसच्या तेवीस हात उमटले होते.

बालदिनाला ते कापड विहाराच्या अंगणात टांगलं. कारखान्याकडून दरवर्षीप्रमाणे दुधाचे खोके आणि पेन्सिली आल्या. घेऊन आली पा जम्पी. ती कापडापुढे उभी राहिली. बोटं मोजताना तिचे ओठ हलले. मग तिने मोबाइलवर फोटो काढला, होंसारच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "छान आहे हं." होंसार दिवसभर खुशीत होती.

तिसऱ्या दिवशी पा जम्पी जलोन थॉला घेऊन शाळेत आली. कागद आणला होता. तो मोनमध्ये समजावून सांगणारं कारखान्यात कुणी नव्हतं. शाळेत होतं. तिघी माझ्याभोवती बसल्या, क्रू दारात उभ्या.

"आधी विचार तिला, चित्र कुणी काढलं?" पा जम्पी म्हणाली.

होंसारने विचारलं. आई म्हणाली, "सांग, मीच काढायला लावलं. पोरीला काही माहीत नाही."

होंसार पा जम्पीकडे वळली. "आई म्हणते, तिला काही माहीत नाही. मी काढलं."

जन्मात पहिल्यांदा तिने आईचं बोलणं मुद्दाम बदलून सांगितलं. ते त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

पा जम्पीने कागद पुढे सरकवला. तिचा आवाज शेडमधला नव्हता. "मला पाठवलंय, पोरी. वाच तिला."

होंसारने वाचलं. माझी दोन बोटं घरी, माझ्याच चुकीने, नारळ फोडताना तुटली. कारखान्याचा संबंध नाही. मी काम आपखुशीने सोडत आहे. एकेक ओळ थाईत, मग मोनमध्ये. क्रू मध्ये पडल्या. सही करू नका, आपण कामगार कचेरीत जाऊ. पा जम्पी म्हणाली, जा. पण या कागदाशिवाय मालक काम सोडल्याचा दाखला देणार नाही, आणि दाखल्याशिवाय दुसरीकडे काम नाही. पंधरा दिवसांत हिचं परवान्याचं गुलाबी कार्ड रद्दी. मग पोलीस आहेतच.

"सगळं वाचलंस?" आईने विचारलं.

"हो."

"मधलं काही गाळलं नाहीस ना?"

"नाही."

"मग ठीक आहे. वाचतेस छान."

अंगठ्याची शाई आणायला पा जम्पी विसरली होती. माझ्या कडेला मुलांच्या शाईचा डबा होता, तोच उघडला. त्या तीन बोटांच्या हाताचा अंगठा काळा झाला, आणि माझ्या छातीवर ठेवलेल्या कागदावर दाबला गेला. माझ्यावर आजवर जे जे छापलं, त्यातला हाच एक छाप मला पुसून टाकावासा वाटतो.

दाखला मिळाला, तो खोटा नव्हता. पण दर कारखान्याच्या फाटकावर आधी हात बघायचे. पंधरा दिवस संपले.

निघायच्या सकाळी होंसार शाळेत आली. ओंग मोनने तिला सांगितलं होतं, की त्याच्या मावशीला शेडमध्ये काम लागलंय आणि चारशे सतरा हा नंबर मिळालाय. तिने छिन्नी घेतली आणि बाहीवरचा आकडा खरवडून काढला. खोल, मुळापासून.

क्रूंचे डोळे सुजले होते. त्या म्हणाल्या, "आता तरी तिथे आईचं नाव कोर. आता कोण काय करणार?"

"नको क्रू," होंसार म्हणाली. "तिकडेही कारखाने आहेत."

तिने छिन्नी पुसून डब्यात ठेवली, गुडघे टेकून क्रूंना वाकून नमस्कार केला आणि गेली. गाडी सीमेकडे गेली, एवढंच मला ठाऊक आहे. क्रू अजून शिकवतात. आता चित्राला हात लावण्याआधी प्रत्येक मुलाला जवळ बसवून विचारतात, हे बघून तुझ्या घरातल्या कुणाला कोण ओळखेल? मुलं सांगतात. कधी कधी कागद कोराच राहतो.

मित्रांनो, थापाड्यांची राणी म्हणून मी मिरवत होते. पण माझ्याहून मोठी थाप माझ्याच अंगावर लिहिली गेली, आणि ती कुठल्याशा कचेरीत खरी म्हणून जपून ठेवलेली आहे. ओढत नेणाऱ्या कोळंबीवर विश्वास नका ठेवू. तीन बोटांवर ठेवा.

परवा एक सुतार आला होता. मला पाहून म्हणाला, लाकूड अस्सल आहे, रंधा मारून हा खड्डा लांबीने बुजवला तर जेवायचं झकास टेबल होईल. क्रूंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण क्रू काही कायमच्या नाहीत, आणि मला वाळवी लागली आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाला मी कुठे सापडले, तर धूळ झाडा, कोरड्या जागी ठेवा, वाटलं तर शाई लावून एक छाप काढा. बाहीवर जिथे शाई लागत नाही आणि कापड पांढरंच राहतं, तिथे एक बाई होती. तेवढी जागा बुजवू नका.