रेनबो गावचे शेजारी

लिनेट ट्रेगिअर बॅलरॅट शहरात एका मार्केटिंग एजन्सीत सतरा वर्षं काम करत होती. एजन्सी गालिच्यांच्या दुकानाच्या माडीवर. लोकांनी फोनवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यांच्या वर दिसलं पाहिजे, एवढंच तिचं काम. सुरुवातीला ती ते जीव लावून करायची. हल्ली हात चालायचे, जीव कुठंतरी बाजूला बसून असायचा.

त्या सोमवारी तिनं नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांचे नवे रिव्ह्यू वाचायला घेतले. विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणारी एक कंपनी होती, तिच्या नावाखाली एकच स्टार आणि चार ओळी.

‘गुरुवारी कळवलं. आज रविवार. कोणी आलं नाही. खुर्ची स्वयंपाकघरात बंद पडली आहे आणि मी तिच्यापाशी. अ. क्लाइनिग, रेनबो.’

रेनबो म्हणजे गव्हाच्या रानातलं टीचभर गाव, बॅलरॅटहून गाडीनं तीन तास. लिनेटनं ते जन्मात पाहिलं नव्हतं.

एजन्सीचा मालक ग्रेडी मॅकॉली कॉफीचा कप घेऊन मागं येऊन उभा राहिला. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण उत्तर सदा तयार.

“खोटा रिव्ह्यू म्हणून तक्रार टाक,” तो म्हणाला. “हा माणूस त्यांचं गिऱ्हाईक कधी नव्हताच.”

“नव्हता, कारण त्याच्याकडे कोणी गेलंच नाही.”

“म्हणजे नव्हताच ना? मग मी खोटं काय बोललो?” ग्रेडी हसला आणि आपल्या खोलीत गेला.

लिनेटनं त्या कंपनीच्या वेबसाइटवरचं रेनबोसाठीचं पान उघडलं. ‘रेनबोमध्ये आम्ही तुमचेच शेजारी. फोन करा, त्याच दिवशी दारात हजर.’ वाक्य तिचंच होतं. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी तिनं अशी चौतीस गावांची चौतीस पानं बनवली होती. मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदलायचं. कंपनीची गाडी त्या गावांना जाते का, हे तिनं विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच ती विसरून गेली होती.

गुरुवारी त्या पानावरून आलेल्या अर्जात क्लाइनिगचा नंबर होता. तिनं फोन लावला.

“मिस्टर क्लाइनिग? मी लिनेट. ते खुर्चीवाल्यांचं पान मी लिहिलंय.”

“अस्सं? म्हणजे माझ्या शेजारीणबाई तुम्हीच!” आवाज घोगरा होता, पण ठणठणीत. “बाई, मी एक्क्याऐंशी वर्षं इथं राहतोय. गावातलं कुत्रंसुद्धा नावानं ओळखतो. तुम्ही कोणत्या घरात राहता म्हणालात?”

“मी बॅलरॅटला राहते,” लिनेट म्हणाली. “आणि ती कंपनीही इथलीच. तुमच्याकडे कोणी येणार नव्हतंच. ते पान खोटं आहे.”

“हे गुरुवारीच सांगितलं असतंत,” अल्विन क्लाइनिग म्हणाला, “तर मी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं असतं. समोरची डॉर्कस सूप आणून देते, तिचे उपकार. पण शौचाची बादलीसुद्धा तिनंच उचलायची म्हणजे… जाऊ द्या. तुम्हाला कशाला सांगतोय.”

“तुम्ही फोन ठेवा. मी बघते.”

ती शोधत बसली. शोधाच्या यादीत तिच्याच पानांच्या ढिगाखाली, पार तळाशी, रेनबोच्या बाजूच्या हॉर्शमचा, खुर्च्या दुरुस्त करणारा एक माणूस सापडला. क्लेम अडकॉक. साधी दोन ओळींची नोंद, एक फोन नंबर.

“रेनबो? उद्या मला जेपरिटला जायचंच आहे, तिथून पुढं जाईन की,” क्लेम म्हणाला. “खुर्ची कुठली आहे तेवढं विचारून ठेवा, बॅटरी बरोबर घेतो. बरं झालं बाई फोन केलात. वर्षभर फोनच येईनात. मला वाटलं, लोकांच्या खुर्च्या आता बिघडायच्या थांबल्या.”

तो मनापासून हसला. लिनेटला हसू आलं नाही.

दुपारी तिनं खुर्चीवाल्या कंपनीत रोवीना पेल्हमला फोन केला. सगळा कारभार रोवीनाच बघायची. आता भांडण होणार म्हणून लिनेट तयारीत होती, पण रोवीना नुसता सुस्कारा टाकून म्हणाली, “काढून टाक गं बाई ती पानं. आम्ही बॅलरॅट आणि आसपास एवढंच मागितलं होतं. तुमचा ग्रेडी म्हणाला, जेवढी गावं तेवढं नाव. आमच्या फोनवरच्या बाईला रोज लांबलांबच्या लोकांच्या शिव्या खाव्या लागतात. परवा ती रडत घरी गेली.”

“तुमची गाडी खरी कुठवर जाते?”

“तीन गावं. ओढूनताणून चार.”

लिनेटनं चार पानं ठेवली, तीस काढली. उरलेल्या पानांवर कोणत्या वारी गाडी येते ते लिहिलं आणि खाली रोवीनाला विचारून एक ओळ घातली: यापलीकडे आम्ही येत नाही, हॉर्शमच्या बाजूला क्लेम अडकॉकना विचारा.

ग्रेडीला कळलं तेव्हा तो तिच्या टेबलापाशी येऊन उभाच राहिला.

“गिऱ्हाइकाच्या पानावर दुसऱ्याचा नंबर? तुला वेड लागलंय का? सगळे असंच करतात, लिनेट. तू एकटीच संत निघालीस?”

“संत कसली. ती चौतीस पानं मीच लिहिली होती.”

“मग?”

“मग काही नाही. दमले मी, ग्रेडी. तू म्हणालास ती रिव्ह्यूची तक्रार मी टाकणार नाही. तुला टाकायची तर टाक.”

त्यानं टाकली नाही. का, ते तिला कधी कळलं नाही. बहुधा विसरला असेल. मंगळवारी संध्याकाळी क्लेमचा निरोप आला: एक तार सुटली होती, वीस मिनिटांचं काम.

पुढच्या दोन महिन्यांत त्या कंपनीला येणारे फोन निम्म्यावर आले. रोवीनाची तक्रार नव्हती, पण ग्रेडीच्या आलेखावर रेघ खाली घसरली आणि त्यानं ते काम लिनेटकडून काढून घेतलं. तिला पडदेवाला दिला. मारिबरोचा, खिडक्यांचे पडदे शिवून बसवून देणारा. त्याला वीस गावांत नाव हवं होतं. लिनेटनं पाण्याचा ग्लास जवळ ओढला आणि फोन लावला.

“वीस गावं लिहू म्हणता. त्यांतल्या किती गावांना तुम्ही खरंच जाता?”

“त्यानं काय फरक पडतो?” पडदेवाला म्हणाला.

“मला पडतो. सांगा.”

“थांबा, बायकोला विचारतो. गाडी ती चालवते.”

त्यानं फोन बाजूला ठेवला. पलीकडे शिलाईच्या यंत्राचा आवाज थांबला, दोघांचं काहीतरी बोलणं सुरू झालं. लिनेट डोळे मिटून खऱ्या आकड्याची वाट बघत राहिली.