पुसलेली ओळ

"आरं भागवता, मालिकेतल्या त्या पोरीचं लगीन लागतंय का मोडतंय, नेमकं तवाच गोल फिराया लागलं बघ! तुझं नेट हाय का बैलगाडी?"

"बैलगाडी परवडली मावशी, तिला तार लागत न्हाई," म्हणत भागवतने साळूबाईंच्या भिंतीवरची पेटी उघडली.

कोल्हारच्या वस्त्यांवर घरोघरी इंटरनेटची तार पोहोचवण्याचं काम तो अकरा वर्षं करीत होता. पेटीवर लुकलुकणारा तांबडा दिवा मात्र ओळखीचा नव्हता. त्याचा अर्थ शोधण्यासाठी त्याने मोबाईल काढला. शोधाच्या चौकटीवर बोट ठेवताच खाली जुने शोध उमटले. सर्वांत वरची ओळ त्याने लिहिलेली नव्हती. मरण सोपं कसं जाईल, असं तिथे विचारलेलं होतं.

घरातले दोन्ही मोबाईल त्यानेच एका खात्यावर चालू केले होते. दोन पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? एकावर शोधलेलं दुसऱ्यावर दिसे. दुसरा मोबाईल त्याच्या बायकोचा, ज्ञानेश्वरीचा होता.

"काय रं, लई बिघाड हाय का?"

"न्हाई," तो म्हणाला आणि त्याने ती ओळ पुसून टाकली.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी नेहमीसारखी भाकरी थापत होती. तो चोरून पाहत राहिला. भांडण नाही, आजार नाही, मुलगी पुण्याला नीट शिकत होती. तिला झोप लागत नव्हती, जेवण कमी झालं होतं. पण त्याचा दोष त्याने उन्हाळ्याला दिला होता. प्रश्न ओठांवर आला. पण विचारलं आणि नसलेलंच डोक्यात भरलं तर? तो मुकाट्याने जेवला.

दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा आली. त्याने पुसली. तिसऱ्या दिवशीही पुसली. असे नऊ दिवस गेले. तार कुठे तुटली असेल, हे तो गावाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून सांगत असे. इथे त्याला फक्त पुसता आलं.

दहाव्या दिवशी ओळ आलीच नाही. दुपारचे बारा वाजले तरी नाही. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तो काम अर्धवट टाकून खांबावरून उतरला. त्याने घरी फोन लावला.

"काय हो?"

"काय न्हाई. जेवलीस का?"

"व्हय."

फोन ठेवून त्याने खांबाखाली उभ्यानेच १४४१६ हा मानसिक आधाराचा सरकारी क्रमांक फिरवला.

"ताई, मी विचारलं आन् तिच्या मनात भरलं तर?"

"ते आधीच मनात आहे, दादा. आत्ता घरी जा. सरळ शब्दांत विचारा. समजावू नका, रागवू नका, ऐका. त्यांना एकटं सोडू नका आणि आजच डॉक्टरांना दाखवा."

ज्ञानेश्वरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. समोरची मेथी निवडायची तशीच पडली होती. तो शेजारी बसला.

"ज्ञानेश्वरी, तुला मरावंसं वाटतंय का?"

तिने मेथी बाजूला सारली.

"व्हय."

मग सावकाश म्हणाली, "ते तुमीच पुसत हुता ना? पयल्या दिशी मी खरंच शोधत हुते. दुसऱ्या दिशी बघते तर गेलेलं. म्हनलं, यांनी वाचलं, आज इचारतील. मग रोज लिवायची. रोज वाटायचं, आज इचारतील. आज म्हनलं, जाऊ द्या. आता लिवायचं बी न्हाई."

मुलीचं नाव, देवाची शपथ, सगळं त्याच्या घशाशी आलं. त्याने ते गिळलं.

"आजच डॉक्टरकडं जाऊ. मी हाय संगं."

"त्यानं जाईल हे?"

"मला ठावं न्हाई."

"बरं झालं, खोटं न्हाई बोललात," ती म्हणाली. "जरा वेळ बसा. बोलू नका."

गुडघ्यांवर डोकं टेकून ती बसून राहिली. तिच्या भांगाशी केस दोन बोटं पांढरे होते. त्याखाली जुना काळा रंग उरला होता. पूर्वी दर महिन्याला एका रविवारी ती आरशासमोर बसून केस रंगवीत असे. दोन बोटं केस वाढायला तीन महिने तरी लागले असतील. रोज समोर बसून जेवताना ते त्याला दिसलं नव्हतं.