साखरेसारखे दाणे

माळ्याने खिशातून घडीचा चाकू काढला आणि तो बनवणाऱ्या बापलेकीसमोर भट्टीपाशी उघडून धरला. पातं मधोमध मोडलं होतं.

"गुलाबाची काडी कापत होतो हो, ओंडका नव्हे," माळी म्हणाला. "जुना वीस वर्षं टिकला. हा तर पाळण्यातच गेला!"

कोणी हसलं नाही. बाबांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. मोडल्या जागी साखरेसारखे जाड दाणे चमकत होते. चांगलं पातं मोडलं, तर आत राखेसारखं बारीक, करडं दिसतं.

"जास्त तापलं," बाबा पुटपुटले.

लेकीने फळीवरचं नवं पातं घेतलं, ऐरणीच्या कडेवर धरून हातोडा घातला. साखर. दुसरं मोडलं. साखर. तिसरं मोडलं. तेही साखर.

बाबा मटकन खाली बसले. "डोळे गेले माझे. तापलेल्या पात्याचा रंग कळेना. उद्यापासून भट्टी बंद."

"बाबा, असं काय बोलता!"

"मग लोकांच्या हातात काच देऊ?"

खणाच्या तळाशी गेल्या हिवाळ्यातलं एक पातं पडलं होतं. तिने तेही मोडलं. राख. बारीक, एकसारखी राख.

भट्टी तीच, कोळसा तोच, पोलादही तेच. मग बदललं काय? तिने वर पाहिलं. बाबांना नीट दिसावं म्हणून उन्हाळ्यात तिनेच हौसेने लावलेली ट्यूब डोक्यावर लख्ख जळत होती. तेवढ्या उजेडात लाल पोलाद फिकं दिसतं. रंग येईना म्हणून बाबा प्रत्येक पातं आणखी तापवत राहिले होते.

तिने ट्यूब बंद केली, खिडकी लावली आणि नवं पातं निखाऱ्यांत सरकवलं.

"आता काढू?"

"थांब." अंधारात बाबा पुढे वाकले. "थांब गं... हं, काढ!"

तिने लाल पातं तेलात बुडवलं, तेल चर्र झालं. पातं गार झाल्यावर बाबांनी स्वतःच हातोडा मारला.

राख.

"बाबा, डोळे ठणठणीत आहेत तुमचे," ती कशीबशी म्हणाली. "चूक माझी."

बाबा हसतील असं तिला वाटलं होतं. ते मोडक्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी चपला शोधल्या.

"उन्हाळ्यापासूनचे सगळे चाकू लोकांच्या खिशात आहेत," ते म्हणाले. "चल. कोणाकोणाकडे गेलेत, आठवत चल."