नकाशा सर, सनावळी बाई आणि वेढा

शाळेत मुलं मला सनावळी बाई म्हणतात आणि आमच्या ह्यांना नकाशा सर. मी इतिहास शिकवते, हे भूगोल. शाळा एक, घर एक, आणि इतक्या वर्षांत भांडण झालं असेल तर ते पंख्याच्या वेगावरून. मग तो गेम आला.

नव्या मुख्याध्यापिका मॅडमनी सातवीच्या मुलांच्या हातात टॅब दिले. गेममध्ये राज्य चालवायचं, नद्या ओलांडायच्या, धान्य साठवायचं, लढायचं. म्हणे असं खेळता खेळता इतिहास-भूगोल आपोआप डोक्यात शिरतो. शिरत असेल बाई. चाचणीत मी विचारलं, राजाचा पराभव कसा झाला? एका पोरीने लिहिलं, 'पहिल्यांदा उपासमारीने झाला. दुसऱ्यांदा खेळले तेव्हा झालाच नाही.' आता हिला मार्क द्यायचे की हिचा कान धरायचा? खरंच कळेना.

तेवढ्यात मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. दोन्ही विषयांचा तास आता एकच, म्हणून शिक्षकही एकच.

"वेढ्याची पातळी आहे ना, ती शनिवारपर्यंत जो पार करेल त्याच्याकडे सातवी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याने ग्रंथालय बघायचं. तिथेही माणूस हवाच आहे."

बोलणं इतकं गोड की काय काढून घेतलं ते जिना उतरल्यावर कळलं. बाकीचे वर्ग तरुण शिक्षकांकडे कधीच गेले होते. सातवी गेली की आमच्यापैकी एकाचा फळाच गेला.

ही वेढ्याची पातळी म्हणजे पुस्तकातला आठवा धडा. डोंगरावर किल्ला, खाली शत्रू. राजा दरवाजे लावून घेतो, मित्राकडे मदत मागतो, मित्र येत नाही, धान्य संपतं, किल्ला पडतो. हा धडा मला झोपेत विचारा. तेव्हा मी दरवाजे लावले. मित्राकडे दूत पाठवला. मित्र आला नाही. धान्य संपलं. 'तुमचं राज्य संपलं, पुन्हा प्रयत्न करा,' असं पडद्यावर आलं. मी पुन्हा दरवाजे लावले.

"अगं, तो मित्र येणार नाही हे तुला ठाऊक आहे ना?" हे म्हणाले.

"आहे की."

"मग दूत कशाला पाठवतेस?"

"राजाने पाठवला होता म्हणून."

हे हसले. हसायला काय जातंय, ह्यांची तरी कुठे वेगळी गत होती? हे किल्ल्याकडे बघतच नसत. बोटांनी नकाशा मोठा करायचा आणि टेकड्या न्याहाळत बसायचं. हा उतार चुकलाय, ती नदी इथे वळणार नाही. तिकडे शत्रू तटाला शिड्या लावतोय आणि ह्यांचं घोडं उतारावर पेंड खातंय. ह्यांचंही राज्य रोज संपत होतं.

वर्गात पोरं मला धीर द्यायची. "सोपं आहे बाई. किल्ला सोडून बाहेर पडायचं."

"राजाने किल्ला सोडायचा?"

"हो. पुढच्या पातळीत परत घेता येतो."

जे झालंच नाही ते मी कसं करू? आणि नाही केलं तर माझा वर्ग जातो.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी अगदी रडकुंडीला आले. हे ताटं पुसत होते. फडकं खांद्यावर टाकून शेजारी येऊन बसले आणि माझ्याच टॅबवर, माझ्याच खेळात, त्यांनी किल्ल्याची मागची बाजू मोठी केली.

"हा कोरडा ओढा दिसतो? दोन्ही काठ उंच आहेत. आतून चाललेला माणूस खालून दिसणार नाही. थेट नदीपर्यंत जाता येतं."

"मग?"

"मग काय, काढ माणसं."

माझं बोट पुढे होईना. "तुम्हीच करा," मी म्हटलं.

"तुझ्या नावावर आहे हे. तूच कर."

मी आधी बायामुलं काढली, मग जखमी, मग धान्य, आणि सगळ्यांत शेवटी राजा. पडद्यावर तीन तारे चमकले, वाजंत्री वाजली. मला आनंद झाला आणि लगेच कसंतरीच झालं.

"आता तुमच्या टॅबवर करा," मी म्हटलं. "दोघांचे तारे दिसले की बघू मॅडम काय करतात ते."

"करतो उद्या," म्हणत हे उरलेली ताटं पुसायला उठले.

शनिवारी ह्यांच्या नावापुढे एकही तारा नव्हता. "राहून गेलं," म्हणाले. राहून गेलं? हा माणूस साधं दूध तापवायचं विसरत नाही. मी खोदून खोदून विचारलं, पण ह्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

सोमवारी एकटीच सातवीवर गेले. आठवा धडा काढला आणि त्या चाचणीवाल्या पोरीने हात वर केला. "बाई, राजाला तो ओढा माहीत नव्हता का?"

पुस्तकात ओढ्याचा उल्लेखच नाही. गेमवाल्यांनी मनाने काढला असेल की खरा असेल, मला काय ठाऊक? मी सगळा वर्ग घेऊन ग्रंथालयात गेले. हे स्टुलावर बसून पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. मुलांना बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथे बघवेना.

"ओढा खरा आहे," ते म्हणाले. "जुन्या नकाशांत आहे."

"मग राजाला माहीत असेल?"

"असणारच. तिथेच तर लहानाचा मोठा झाला."

"मग गेला का नाही? आम्ही तर सगळे गेलो."

हे डिंकाच्या बाटलीचं झाकण लावत राहिले. "तुमचं तिथे होतं काय, पोरी? वाट दिसली म्हणून पाय निघतोच असं नाही."

"तुमचा निघाला असता, सर?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "निघाला की," म्हणाले.

मुलं हसली. त्यांना वाटलं, सर गेमचंच सांगतायत. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण तास माझा होता. सगळ्यांना घेऊन वर्गात आले आणि फळ्यावर प्रश्न लिहिला, 'राजा किल्ला सोडून का गेला नाही?' मुलं वह्या उघडून बसली होती. मी खडू हातात धरून उभी राहिले, आणि खाली उत्तर म्हणून काय लिहायचं ते मला काही केल्या सुचेना.