मूळची काच

काउंटरवर सात फोन होते. चार काळे, दोन निळे आणि एक असा, की त्याचा मूळ रंग सांगायला साक्षीदार बोलवावा लागला असता. सातांपैकी सहा चालू होत होते. दोन निळे एकाच मॉडेलचे, जुळ्या भावांसारखे. फक्त एकाची काच वरच्या कोपऱ्यापासून निम्म्यापर्यंत तडकलेली.

मोजपट्टीने ही मोजदाद आधी केली, मगच तोंड उघडलं. पदार्थविज्ञान शिकून ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली होती. मोजपट्टी हे नाव तिच्या मामाने ठेवलेलं, आणि आता ते इतकं रुळलं होतं की आईसुद्धा रागावल्याशिवाय खऱ्या नावाने हाक मारत नसे.

"कॅमेरा कसला हवा?" जुने फोन विकणाऱ्या ताईंनी विचारलं.

"कसलाही चालेल."

"बॅटरी?"

"दिवसभर पुरली की झालं."

"मग हजेरी घेतल्यासारखी एकेकाकडे बघतेस काय?"

"ताई, मला फोन रूट करायचाय. फोन चालवणारी कंपनीची प्रणाली काढून दुसरी टाकायचीय."

ताईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे सुखाने चाललेल्या घरात भांडण लावायचंय."

मोजपट्टी हसली, पण डोळे फोनवरून हलवले नाहीत. फोन चालू होताना आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. तो दारावरच्या रखवालदारासारखा असतो. कंपनीची सही असलेली प्रणाली दिसली तरच आत सोडतो. काही कंपन्या त्याला बाजूला करण्याची परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत. म्हणून ती प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये खोल शिरून कुलूप उघडण्याचं बटण शोधत होती. तीन काळ्या फोनांत ते फिकट पडलेलं, कितीही दाबलं तरी ढिम्म. चौथ्यात दाबता येत होतं, पण हौशी लोक मिळून जी खुली प्रणाली तयार करतात, त्यांच्या यादीत ते मॉडेलच नव्हतं. म्हणजे रखवालदार सुट्टीवर, आणि राहायला यायला कोणी तयार नाही. बेरंगी सातवा चालूच होत नव्हता. राहिले दोन निळे. दोन्हींत बटण दाबलं जात होतं आणि यादीत नावही होतं.

"हा देते," ताईंनी धड काचेचा फोन पुढे सरकवला. "त्या फुटक्याकडे बघू नकोस. उद्या त्याला नवी काच बसवणार आहे, मग तोही नवरदेवासारखा दिसेल."

फुटका कोण घेणार? मोजपट्टीने धड फोन उचलला आणि तडक मामाचं दुकान गाठलं.

मामा केस कापायचा. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरला होता आणि त्या काळात त्याच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नव्हता. गेल्या दोन वर्षांत उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. गोळ्या दिल्या, तर मामा खुर्चीतच पेंगायला लागला. शेवटी वस्तरा भागीदाराकडे गेला आणि मामाकडे उरलं गिऱ्हाइकांना टॉवेल देणं आणि गप्पा मारणं. डावा हातही आता मोठ्या भावाचं बघून बिघडत चाललाय, असं तो म्हणायचा.

मग त्याची मुलगी चार दिवसांसाठी आली. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची. दुपारी ती डबा घेऊन दुकानात गेली. मामाच्या हातातला चमचा तोंडापर्यंत पोहोचेना, तेव्हा तिने सहज तो धरला आणि घास भरवला. समोर तीन गिऱ्हाइकं बसली होती. मामा असा ओरडला की भागीदाराची कात्री थांबली. मुलगी दुसऱ्या दिवशीच परत गेली.

त्यानंतर फोन व्हायचे, पण पहिल्या वाक्यानंतर मामा हवापाण्यावर घसरायचा. एकदा त्याने मोजपट्टीकडून संदेश लिहून घेतला. उत्तर आलं, "बाबा, बोलताना तू विषय बदलतोस, म्हणून लिही. पण स्वतः लिही. मोजपट्टीताईने लिहिलेलं मला पहिल्या ओळीत कळतं."

फोनला बोलून सांगितलं तर तोच लिहितो, हे मोजपट्टीने सुचवून पाहिलं. "हे बोलता आलं असतं तर लिहायची वेळ आली असती का?" मामा म्हणाला. ही एकच गोष्ट होती जी त्याला बोलता येत नव्हती.

आणि लिहिता तर मुळीच येत नव्हती. जुन्या फोनवर दहा शब्द लिहून बघितले, तर नऊ चुकले. संदेश उघडायला जावं तर पडदा सरकायचा. सरकवायला जावं तर भलत्यालाच फोन लागायचा. मोजपट्टीने मामाच्या बोटाला शाई लावून ते आलेखाच्या कागदावर टेकवलं. ठसा गोल उठायच्या ऐवजी आडवा, पाच मिलिमीटर ओढलेला उठला. फोनच्या हिशेबात बोट सव्वा मिलिमीटरहून जास्त हललं की तो स्पर्श राहत नाही, सरकवणं होतं. सेटिंगमध्ये स्पर्शाचा वेळ बदलता येत होता, अंतर नाही. अंतराचा आकडा प्रणालीच्या पोटात होता आणि तिथे हात घालायचा तर फोन रूट करणं भाग होतं.

फोन आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, दुकान बंद असताना, तिने आरशासमोर लॅपटॉप मांडला आणि केबल जोडली. मामा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला.

"यात माझी बँक चालेल ना गं?"

"नसेलही चालत. रूट केलेल्या फोनवर बँकांचा विश्वास नसतो."

"बँकेचा माझ्यावर तसाही नव्हता. कर सुरू."

कुलूप उघडलं. जुनी प्रणाली गेली, नवी चढली. पडद्यावर स्वागताचं पान आलं, स्वच्छ आणि कंपनीच्या जाहिरातींशिवाय. मोजपट्टीने 'पुढे' वर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. पुन्हा ठेवलं. पडदा छान उजळलेला होता, पण बोटाची त्याला दखलच नव्हती.

"माझा हात लावून बघू?" मामा म्हणाला. "कदाचित हलणाऱ्या बोटाचीच सवय असेल त्याला."

तिला हसू आलं नाही. तिने सगळं पुन्हा केलं. केबल बदलली. प्रणालीची आधीची आवृत्ती टाकली. फोन तसाच, बघतोय पण ऐकत नाही. कंपनीची मूळ प्रणाली परत घातली, तर स्पर्श लगेच परत आला. म्हणजे फोन बिघडला नव्हता. मामा उठला आणि टॉवेलांच्या घड्या घालू लागला. त्या आधीच घातलेल्या होत्या.

तासाभराने तिला हौशी लोकांच्या चर्चेत कोणीतरी टाकलेली एक ओळ सापडली: काच बदललेली असेल तर स्पर्श चालेलच असं नाही. पर्यायी काचेखाली स्पर्श ओळखणारी चिप वेगळी असू शकते. कंपनीची प्रणाली दोन्ही चिपा ओळखते, खुली प्रणाली बनवणाऱ्यांना फक्त मूळची माहीत. मोजपट्टीने कपाळावर हात मारला. बूटलोडर विचारला, मॉडेल विचारलं, यादी तपासली. काच मूळची आहे का, हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं, कारण काच धड होती.

तिने ताईंना फोन लावला.

"त्या निळ्याची काच तुम्ही बदललीय का?"

"मग! मूळच्यासारखीच आहे, कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही."

"फोनला आली ओळखू. आणि तो फुटका?"

"तो अजून मूळच्याच काचेवर आहे. म्हणून तर आता गरम करायला ठेवलाय. डिंक सुटला की काढते."

"काढू नका! ताई, हात लावू नका, मी आले!"

मामाही मागोमाग निघाला. दोन रस्ते ओलांडून दोघं पोहोचले, तेव्हा ताईंनी गरम तव्यासारख्या पत्र्यावरून फोन उचलून बाजूला ठेवला होता. काचेच्या एका कडेत प्लॅस्टिकची पातळ पात शिरलेली होती.

"एक कड सुटलीय," ताई म्हणाल्या. "वीस वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, जे म्हणतं नवी नको, फुटकी द्या."

"परत चिकटेल?"

"चिकटेल. पण बोट कापेल त्याचं काय?"

"वरून संरक्षक काच लावा," मामा म्हणाला. "भेगा खाली, मी वर. माझं बोट मला जपायला येतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे कान जपलेत."

ताई हसल्या. त्यांनी कड दाबून बसवली, क्लिपा लावल्या आणि धड फोनच्या बदल्यात फुटका देताना मान हलवली. "या सौद्यात मी फसवतेय की तुम्ही फसताय, तेवढं कळलं तर बरं."

दुपारी पुन्हा केबल, पुन्हा कुलूप, पुन्हा स्वागताचं पान. मोजपट्टीने 'पुढे' वर बोट ठेवलं आणि पान पुढे गेलं. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने प्रणालीच्या पोटातला आकडा गाठला. सव्वा मिलिमीटरच्या जागी सहा केले. मोठ्या चौकटींचा एक खुला कीबोर्ड टाकला आणि त्याला शिकवलं, की बोट सुटलं तिथलं नाही, पहिलं टेकलं तिथलं अक्षर धर.

"घे. लिहून बघ काहीतरी."

मामाने फोन गुडघ्यावर ठेवला, उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि खुर्ची गर्रकन भिंतीकडे वळवली. आरशातही पडदा दिसेना.

"अरे, मला बघू तरी दे चालतंय का."

"तू कात्र्या पूस."

तिने कात्र्या पुसल्या. कंगवे पुसले. रस्त्यावरून कोणीतरी दार ढकलून पाहिलं आणि 'बंद' ची पाटी वाचून निघून गेलं. खुर्चीच्या पाठीमागून मधूनच एक हुंकार यायचा, मधूनच "अरे गाढवा" असं, बहुधा बोटाला. तिचे वस्तरेही पुसून झाले.

"पाठवलास?" तिने विचारलं.

"बघतोय."

"काय बघतोयस?"

"पाठवायचं बटण. इतक्या वेळात ते काही हललं नाही," मामा म्हणाला, आणि मग खांदा थोडा पुढे झुकला.

मोजपट्टी कंगवा हातात धरून उभी राहिली. फोन वाजला. मामाने वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्ची वळवली. त्याचे डोळे लाल होते आणि तो हसत होता.

"म्हणतेय, शनिवारी येते. चमचा आणत नाही."

"आणि तू काय लिहिलंस?"

त्याने फोन पुढे केला. वरती, फुटलेल्या काचेखाली, त्याचा संदेश होता.

"त्या दिवशी राग तुझा नव्हता, हाताचा होता. तू चमचा धरलाद, मी ओरडललो. माझं चुकलं. ये."

"सांग मोजपट्टे, तुझं माप काय म्हणतंय?"

तिने बोटाने एकेक शब्द मोजला.

"शब्द पंधरा. चुकलेले दोन."